परिभ्रमी यंत्रांविषयीच्या परिषदांतील सत्रांचे प्रकार : वालचंदनगर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

तांत्रिक परिषदेचा कार्यक्रम हाती पडला म्हणजे आपण प्रथम विषय पाहतो, मग वक्त्यांची नावे पाहतो आणि अखेरीस वेळापत्रकाकडे वळतो. एखाद्या सत्राचे स्वरूप काय आहे, म्हणजे तेथे निबंध वाचला जाणार की पाठ दिला जाणार, घडलेल्या बिघाडाचे निवेदन होणार की सर्वांनी मिळून चर्चा करावयाची, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती व्यवस्थापकांच्या सोयीची बाब आहे अशी समजूत असते. प्रस्तुत लेखातील प्रतिपादन याहून निराळे आहे. परिभ्रमी यंत्रांच्या शास्त्रात सारे ज्ञान एकाच ठिकाणी व एकाच रूपात साठलेले नसते. त्याचा काही भाग समीकरणांत असतो, काही पाठ्यग्रंथांत व मानकांत असतो, आणि फार मोठा भाग यंत्राजवळ रात्रपाळीला उभ्या राहणाऱ्या माणसाच्या अनुभवात असतो. सत्राचा प्रत्येक प्रकार यांपैकी कोणत्या तरी एका ज्ञानाला मानवतो. प्रकार चुकला तर ते ज्ञान सभागृहापर्यंत पोहोचतच नाही, आणि त्याची किंमत पुढे कोठल्या तरी कारखान्यात मोडलेल्या शाफ्टच्या किंवा जायबंदी झालेल्या कामगाराच्या रूपाने द्यावी लागते.

१. परिसर आणि त्यातील यंत्रे

इंदापूर तालुक्यात नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर शेठ वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांच्या उद्योगसमूहाने १९३० नंतरच्या दशकात ऊसमळे व साखर कारखाना उभारला आणि त्यातून वालचंदनगर ही वसाहत वाढली. १९५० नंतरच्या दशकात तेथे साखर कारखान्यांची यंत्रसामग्री घडविण्याचे काम सुरू झाले. पुढे बाष्पित्रे, सिमेंट उद्योगाची यंत्रे, मोठे गिअर, तसेच नौदल, अणुशक्ती व अवकाश या क्षेत्रांना लागणारे जड भाग यांची त्यात भर पडली. भोवतालच्या बारामती व इंदापूर तालुक्यांत माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा श्री छत्रपती, इंदापूरचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा असे सहकारी साखर कारखाने आहेत. यंत्र घडविणारा आणि यंत्र वापरणारा इतके शेजारी असण्याचे उदाहरण सहज आढळत नाही.

या परिसरातील परिभ्रमी यंत्रांची विविधता अभ्यासकाला आकर्षित करील अशी आहे. उसाचा रस काढणाऱ्या मिलचे रोलर मिनिटाला चार-पाच फेरे घेतात; त्यांना चालविणारी वाफेची टर्बाइन मिनिटाला काही हजार फेरे घेते. या दोन टोकांमध्ये सुमारे हजारास एक असे प्रमाण असते आणि ते साधण्याचा भार गिअरमालिकेवर पडतो. अलीकडे पुष्कळ ठिकाणी टर्बाइनची जागा विद्युत मोटारींनी घेतली आहे, तरी वेग उतरविण्याचा प्रश्न राहतोच. मिलच्या आधी ऊस फोडणारा फायबरायझर असतो. त्याच्या रोटरवर जड हातोड्यांच्या रांगा असतात. मिलनंतरच्या टोकाला साखरेचे स्फटिक मळीपासून वेगळे करणारी सेंट्रिफ्यूगल यंत्रे असतात. १·२२ मीटर व्यासाची बास्केट मिनिटाला १,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर तिच्या भिंतीशी असलेल्या पदार्थावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ६८० पट प्रेरणा कार्य करते. याखेरीज पंप, पंखे आणि वीजनिर्मितीचे टर्बोजनित्र आहेतच.

ही सर्व यंत्रे हंगामात रात्रंदिवस चालतात. ऊस तोडल्यावर थांबत नाही. मिल बंद पडली की गाड्यांची रांग वाढते आणि उसातील साखर घटू लागते. त्यामुळे बिघाड झाला की तो शक्य तितक्या लवकर दूर करून यंत्र पुन्हा चालू करणे यालाच प्राधान्य मिळते. बिघाडाचे कारण शोधणे मागे पडते, आणि शोधलेले कारण लिहून ठेवणे तर त्याहूनही मागे पडते. परिषदांच्या सत्ररचनेचा विचार करताना ही परिस्थिती सतत दृष्टीपुढे ठेवावी लागते.

२. निबंधवाचनाचे सत्र

परिषद म्हटली की निबंधवाचन हेच रूप डोळ्यांपुढे येते. निबंध आगाऊ मागविले जातात, परीक्षक ते तपासतात, लेखक ठरलेल्या पंधरा-वीस मिनिटांत सारांश मांडतो, अध्यक्ष दोन-तीन प्रश्नांना परवानगी देतो आणि निबंध कार्यवृत्तात छापला जातो. इंटरनॅशनल फेडरेशन फॉर द प्रमोशन ऑफ मेकॅनिझम अँड मशीन सायन्स, म्हणजे इफ्टोम, या संस्थेची रोटरगतिशास्त्रावरील परिषद १९८२ साली रोम येथे प्रथम भरली व पुढे दर चार वर्षांनी भरत आली. ब्रिटिश यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेची परिभ्रमी यंत्रांच्या कंपनांवरील परिषद १९७६ साली केंब्रिज येथे सुरू झाली. भारतात वेटोमॅक या नावाने ओळखली जाणारी परिषदमाला २००० साली बंगळूर येथे सुरू झाली. या सर्वांचा कणा निबंधवाचन हाच आहे.

या प्रकाराचे सामर्थ्य उघड आहे. नवे गणित, नवी प्रयोगपद्धती किंवा नवी मोजमापे यांचा दावा तपासता येण्याजोग्या रूपात मांडावा लागतो आणि तो कायमचा नोंदला जातो. पण दावा नोंदला गेला म्हणजे तो योग्य माणसापर्यंत पोहोचला असे मात्र होत नाही. या शास्त्राच्या आरंभकाळातच याचा ठळक दाखला आहे.

१८६९ साली रँकिन यांनी फिरणाऱ्या शाफ्टचे विवेचन प्रसिद्ध केले आणि असा निष्कर्ष काढला की, प्रत्येक शाफ्टला वेगाची एक मर्यादा असते. तिच्या पलीकडे शाफ्ट वाकून गिरक्या घेऊ लागेल व स्थिर राहणार नाही. या मर्यादेलाच आपण आज क्रांतिक वेग म्हणतो. त्यांच्या मांडणीत एक त्रुटी होती, पण त्यांच्या नावाचा दरारा मोठा होता. पुढे १८८० नंतरच्या दशकात स्वीडनचे द लाव्हाल यांनी बारीक, लवचिक शाफ्टवर मिनिटाला सुमारे ३०,००० फेरे घेणारी वाफेची टर्बाइन चालवून दाखविली. ती या तथाकथित मर्यादेच्या पलीकडे शांतपणे फिरत असे. जर्मनीत फ्योप्ल यांनी १८९५ साली त्याची उपपत्तीही दिली. परंतु ती ज्या नियतकालिकात आली ते या क्षेत्रातील मंडळींच्या वाचनात फारसे नव्हते. शेवटी १९१९ साली जेफकॉट यांचा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हाच हा वाद मिटला. क्रांतिक वेग ओलांडल्यावर रोटरचे गुरुत्वकेंद्र परिभ्रमणाच्या अक्षाकडे सरकते व यंत्र आपोआप शांत होते, ही गोष्ट त्यांनी निर्विवादपणे मांडली. प्रत्यक्ष यंत्र चालत असताना उपपत्तीला ते मान्य व्हावयास एवढा काळ लागला.

आपल्या विषयाशी निगडित अशी एक गोष्ट येथे नमूद करण्याजोगी आहे. साखर कारखान्यातील टांगती सेंट्रिफ्यूगल यंत्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून वापरात आहेत. त्यांतील बास्केट लवचिक टांगणीवर लोंबती असते आणि त्या टांगणीचा क्रांतिक वेग ओलांडूनच काम करते. बास्केटला आपले केंद्र आपण शोधू द्यावे, हे साखर कारखान्यातील कारागिरांना व्यवहाराने कळलेले होते. ते निबंधाच्या रूपात कोणी मांडले नव्हते एवढेच. कारागिराजवळचे ज्ञान आणि पंडिताजवळचे ज्ञान यांना समोरासमोर आणणारे सत्र त्या काळी नव्हते.

३. पाठसत्र आणि लघुपाठ्यक्रम

जे ज्ञान नवे नाही पण आवश्यक आहे, त्याला निबंधवाचनात जागा मिळत नाही. नावीन्य नाही म्हणून परीक्षक ते परत पाठवितात. रोटरचे संतुलन कसे करावे, कंपनाच्या वर्णपटावरून बिघाडाचे निदान कसे करावे, कपलिंगच्या दोन बाजूंचे शाफ्ट एका रेषेत कसे आणावेत, हे विषय शास्त्रदृष्ट्या सुस्थापित आहेत. तथापि ते ज्याला प्रत्यक्ष करावयाचे आहेत त्याला एखाद्या जाणत्याकडून नीट शिकावयाचे असतात. यासाठी पाठसत्र ही योजना आहे. व्यवहारात तिला ट्यूटोरियल म्हणतात. परिषदेच्या आदल्या दिवशी दिवसभर चालणारा लघुपाठ्यक्रम हे तिचेच विस्तृत रूप होय.

या बाबतीत अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या टर्बोमशिनरी प्रयोगशाळेने भरविलेला परिसंवाद अभ्यासण्याजोगा आहे. तो १९७२ साली सुरू झाला; १९८४ साली पंपांवरील निराळा परिसंवाद त्याच्या जोडीला आला आणि पुढे दोन्ही एकत्र भरू लागले. २०१६ साली त्याची आशियाई आवृत्ती सिंगापूर येथे भरली. त्याच्या कार्यक्रमात लघुपाठ्यक्रम, व्याख्याने, पाठसत्रे, प्रकरणाभ्यास आणि चर्चागट हे प्रकार स्पष्टपणे वेगळे ठेवलेले असतात, आणि कार्यक्रम ठरविणाऱ्या सल्लागार समितीत यंत्र वापरणारे, यंत्र बनविणारे व सल्लागार अभियंते असे तिन्ही वर्ग असतात. व्याख्याने व पाठसत्रे यांचे लेख कार्यवृत्तात येतात आणि विद्यापीठाच्या ग्रंथभांडारातून ते कोणालाही विनामूल्य वाचता येतात. आपल्या विद्यार्थ्यांनी त्यांचा लाभ अवश्य घ्यावा. कित्येक विषयांत पाठ्यग्रंथापेक्षा हे पाठ अधिक उपयोगी पडतात.

पाठसत्राची कसोटी एकच. ऐकणारा परत गेल्यावर आदल्या दिवशी करू शकत नव्हता असे काही करू शकला पाहिजे. म्हणून येथे वक्ता निवडताना विद्वत्तेइतकेच शिकविण्याचे कौशल्य पाहावे लागते, आणि श्रोत्यांची भाषाही पाहावी लागते.

४. प्रकरणाभ्यास

एका विशिष्ट यंत्रात एक विशिष्ट बिघाड झाला, तो कसा दिसला, कोणते तर्क केले गेले, कोणते चुकले, कोणता उपाय लागू पडला, याचे क्रमवार निवेदन म्हणजे प्रकरणाभ्यास, अर्थात केस स्टडी. येथे सहसा लांब लेखाची अट नसते. आकृत्या, छायाचित्रे आणि मोजमापांचे आलेख पुरेसे असतात. ही सवलत वरवर क्षुल्लक वाटते, पण सर्व रहस्य तिच्यातच आहे. कारखान्यातील अभियंत्याजवळ वीस पानांचा निबंध लिहिण्यास वेळ नसतो आणि संदर्भग्रंथांची सोयही नसते. त्याच्याजवळ घडलेली हकिकत आणि तिचे आकडे असतात. निबंधाची अट घातली की तो येत नाही. अट काढली की तो येतो, आणि त्याच्याबरोबर असे काही येते की जे कोणत्याही प्रयोगशाळेत सापडले नसते.

याचे दोन दाखले देता येतील. १९२० नंतरच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बनविलेले झोतभट्टीचे काही कॉम्प्रेसर क्रांतिक वेगाच्या वर चालविले असता एकाएकी तीव्र कंपने करू लागले. संतुलन कितीही सुधारले तरी कंपने कमी होईनात. न्यूकर्क यांनी त्याचा मागोवा घेतला आणि १९२४ साली असे दाखविले की, ही असंतुलनाची कंपने नव्हेत. शाफ्ट फिरण्याच्या वेगाने कंप पावत नव्हता, तर आपल्या स्वतःच्या नैसर्गिक वारंवारतेने गिरक्या घेत होता. शाफ्टवर घट्ट बसविलेल्या भागांतील अंतर्गत घर्षण त्याला कारण होते आणि आधारांना अवमंदन दिल्याने तो दोष आटोक्यात येत असे. पुढे लवकरच बेअरिंगमधील तेलाच्या थरामुळे होणारी तशीच गिरकीही उजेडात आली. रोटरच्या अस्थैर्याचे सारे शास्त्र या कारखान्यातील बिघाडांतून उगवले.

दुसरा दाखला अलीकडचा आहे. १९७० नंतरच्या दशकात कॅनडातील केबॉब येथे आणि उत्तर समुद्रातील एकोफिस्क येथे नैसर्गिक वायू उच्च दाबाने भूगर्भात सोडणारे कॉम्प्रेसर अशाच अस्थैर्यामुळे पूर्ण क्षमतेने चालेनात. बेअरिंगे बदलली, सीले बदलली, शाफ्टही बदलून पाहिले. १९७५ साली उपर्युक्त टेक्सासच्या चौथ्या परिसंवादात केबॉबची हकिकत प्रसिद्धपणे मांडली गेली. कोणाच्या हातून काय चुकले हे त्यात दडविलेले नव्हते. सीलमधून झिरपणाऱ्या वायूच्या प्रेरणा रोटरला कशा ढकलतात याची पुरेशी आकडेवारी त्या वेळी कोणाजवळच नव्हती, हे या प्रकरणांमुळे सर्वांना कळून आले.

५. कार्यशाळा

प्रश्न माहीत झाला पण उत्तर कोणाजवळच नाही, अशी अवस्था आली म्हणजे चौथ्या प्रकाराची गरज भासते, ती कार्यशाळा. तिच्यात श्रोते थोडे असतात आणि विषय एकच असतो. टेक्सास येथेच १९८० सालापासून दर दोन वर्षांनी उच्च क्षमतेच्या टर्बोयंत्रांतील रोटर-अस्थैर्यावर अशा कार्यशाळा भरल्या व त्यांची कार्यवृत्ते नासाने प्रसिद्ध केली. तेल व वायू कंपन्यांचे अभियंते, अवकाशयानाच्या इंजिनातील पंपांवर काम करणारे संशोधक आणि विद्यापीठीय गणिती एकत्र बसले. सीलच्या गुणांकांची मोजमापे मांडली गेली, गणनेशी ताडून पाहिली गेली आणि पुढील वेळी कोणी काय मोजावयाचे हे ठरले. कालांतराने या ज्ञानाचे मानकात रूपांतर झाले. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्रेसरविषयक मानक क्रमांक ६१७ च्या २००२ सालच्या सातव्या आवृत्तीत रोटरच्या स्थैर्याचे विश्लेषण समाविष्ट झाले.

हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. बिघाड, प्रकरणाभ्यास, कार्यशाळा, निबंध, मानक आणि शेवटी पाठसत्र. प्रत्येक पायरीवर सत्राचा प्रकार बदलला आहे. मधली एक पायरी गाळली असती तर केबॉबचा अनुभव केबॉबलाच राहिला असता.

६. चर्चागट

चर्चागटात वक्ता नसतो. विषय जाहीर केलेला असतो, उदाहरणार्थ गिअर, कपलिंग किंवा स्नेहन. दोन-तीन अनुभवी माणसे सूत्रे हाती धरतात व येणारा प्रत्येक जण आपली अडचण किंवा आपला अनुभव सांगतो. येथे नोंद ठेवली जात नाही आणि विक्रीचे भाषण अस्थानी मानले जाते. नोंद नाही हा दोष नव्हे. ती या प्रकाराची अट आहे. जी गोष्ट कागदावर आली तर हमीचा वाद उभा राहील किंवा वरिष्ठांचा रोष होईल, ती येथे बोलता येते. लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेने १९२७ साली असाच एक नियम घातला. तो असा की, ऐकलेली माहिती वापरावी, पण ती कोणी सांगितली ते सांगू नये.

उरलेल्या प्रकारांचा थोडक्यात निर्देश पुरे. भित्तिपत्रक-सत्र तरुण संशोधकाला पंधरा मिनिटांच्या भाषणापेक्षा पुष्कळदा अधिक लाभदायक असते, कारण खऱ्या जिज्ञासूशी त्याचे समोरासमोर संभाषण होते. तज्ज्ञमंडळाची जाहीर चर्चा मतभेद उघड करण्यास उपयोगी आहे; मतभेद नसतील तर ती निरस होते. प्रदर्शनात यंत्राचे सुटे भाग हाताळावयास मिळतात, आणि मोडलेला भाग मांडला तर तो नव्या भागापेक्षा अधिक शिकवितो.

७. एक उदाहरण

हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून एक कल्पित प्रसंग घेऊ. ऐन हंगामात फायबरायझरचा एक हातोडा तुटून उडाला असे समजा. हातोड्याचे वस्तुमान १५ किलोग्रॅम, त्याच्या गुरुत्वकेंद्राचे अक्षापासून अंतर ०·८ मीटर आणि वेग मिनिटाला ७५० फेरे धरले, तर कोनीय वेग सेकंदाला ७८·५ रेडियन येतो व असंतुलित प्रेरणा सुमारे ७४,००० न्यूटन, म्हणजे साडेसात टन भाराइतकी होते. ही प्रेरणा दर सेकंदाला साडेबारा वेळा दिशा फिरवीत बेअरिंगांना हादरे देते. रोटरचे वस्तुमान ५,००० किलोग्रॅम असेल तर संतुलनाच्या ६·३ या प्रतीनुसार त्यात सुमारे ४०० किलोग्रॅम-मिलिमीटर असंतुलन चालण्यासारखे आहे. येथे ते १२,००० झाले, म्हणजे तीसपट. वेग दुप्पट असता तर प्रेरणा चौपट झाली असती.

आता हाच प्रसंग निरनिराळ्या सत्रांत कसा दिसेल ते पाहू. निबंधात रोटरच्या क्षणिक प्रतिसादाचे गणित येईल. हातोडा का तुटला याचा उल्लेख कदाचित एका ओळीत. पाठसत्रात संतुलनाच्या प्रतींचा अर्थ आणि वर दिलेली आकडेमोड शिकविली जाईल. प्रकरणाभ्यासात तुटलेल्या पृष्ठभागाचे छायाचित्र, भेगेचा उगम, आधीच्या महिन्यात वाढत गेलेल्या कंपनांचे आकडे आणि ते पाहूनही यंत्र का थांबविले नाही याचा वृत्तांत येईल. आणि चर्चागटात कोणी तरी सांगेल की, समोरासमोरचे हातोडे वजन करून जोडीने बसवावयाचे असतात हे नव्या फिटरला कोणी सांगितलेच नव्हते. हे शेवटचे वाक्य शास्त्रदृष्ट्या सामान्य आहे. पण पुढचा अपघात टाळण्याचे सामर्थ्य त्याच वाक्यात सर्वांत अधिक आहे.

८. आपल्या परिसरासाठी काही निष्कर्ष

साखर उद्योगाला परिषदांची परंपरा नवी नाही. भारतीय साखर तंत्रज्ञांची संघटना १९२५ सालापासून आणि पुण्याची डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशन १९३६ सालापासून कार्य करीत आहे. मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटची स्थापना १९७५ सालची. जगातील ऊस-साखर तंत्रज्ञांची परिषदही भारतात भरलेली आहे. १९५६ साली नवी दिल्ली येथे आणि २०२३ साली हैदराबाद येथे ती भरली होती. प्रश्न परिषदा भरविण्याचा नसून त्यांच्या रचनेचा आहे. त्या दृष्टीने चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट विभागणीची. साखर तंत्रज्ञांच्या अधिवेशनांत निबंध सामान्यतः कृषी, अभियांत्रिकी, प्रक्रिया अशा शाखांत विभागले जातात. पण यंत्र ही विभागणी पाळीत नाही. सेंट्रिफ्यूगलची बास्केट हादरते ती पुष्कळदा मॅसेक्युट असमान पसरल्यामुळे. ते असमान पसरते स्फटिक लहानमोठे झाल्यामुळे. आणि स्फटिक तसे होतात पॅनवरील कामामुळे. कंपनाची तक्रार चीफ इंजिनिअरकडे येते आणि तिचे मूळ चीफ केमिस्टच्या खात्यात असते. हे दोघे दोन सभागृहांत बसले तर उत्तर कोणालाच सापडणार नाही. चर्चागट शाखेवार न भरविता यंत्रवार भरविला, तर हे दोघे एका मेजाशी येतील.

दुसरी गोष्ट काळाची. हंगामात अभियंता कारखाना सोडू शकत नाही. गाळप संपल्यावर पावसाळ्यात यंत्रे उघडली जातात, झिजलेले व भेगाळलेले भाग हाती येतात. प्रकरणाभ्यासाला हाच काळ योग्य. पुरावा समोर असतो आणि आठवण ताजी असते.

तिसरी गोष्ट भाषेची व अभयाची. इंग्रजीत निबंध वाचण्याची अट घातली की, फिटर व फोरमन आपोआप वगळले जातात. निबंधवाचन इंग्रजीत राहो. पण पाठसत्र, प्रकरणाभ्यास व चर्चागट मराठीत असावेत. त्याचबरोबर बिघाड सांगणाऱ्याला त्याचा त्रास होणार नाही याची हमी हवी. सहकारी कारखान्यात चूक कबूल करणाऱ्या अभियंत्यापुढे संचालक मंडळ व सभासद असतात. यंत्र बनविणाऱ्यापुढे हमीचा करार असतो. म्हणून निवेदनात कारखान्याचे व उत्पादकाचे नाव येऊ नये, मात्र आकडे खरे असावेत, असा नियम करता येईल. माळेगावला घडलेली गोष्ट भवानीनगरला कळण्यास अंतराची अडचण नाही, संकोचाची आहे. आणि तशी गोष्ट घडण्याची वाट पाहण्यापेक्षा ती आधीच कळणे किती स्वस्त पडते, हे वरील आकडेमोडीवरून सांगावयास नको.

चौथी गोष्ट विद्यापीठाची. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या कामाचे मोजमाप निबंधांच्या संख्येवरून होते. त्यामुळे त्यांचा ओढा निबंधवाचनाकडे असतो, आणि अनुभवी अभियंत्यांचा ओढा चर्चेकडे. दोघांची गाठ पडत नाही. विद्यार्थ्याने कारखान्यातील अभियंत्याच्या सहकार्याने एक प्रकरण नीट लिहून काढणे, त्यातील मोजमापे तपासणे व गणिताशी ताडून पाहणे, हे काम प्रबंधाच्या एका प्रकरणाच्या तोडीचे मानावयास हरकत नसावी. न्यूकर्क यांनी जे केले ते याहून फारसे निराळे नव्हते.

वालचंदनगरच्या परिसरात यंत्र घडविणारे, यंत्र चालविणारे आणि यंत्रांचा अभ्यास करणारे एका दिवसाच्या प्रवासात एकत्र येऊ शकतात. गेल्या सहा-सात दशकांत तेथील कार्यशाळांत व मिलघरांत जो अनुभव साठला त्यातील पुष्कळसा आज निवृत्त झालेल्या किंवा होऊ घातलेल्या माणसांजवळ आहे. तो निबंधाच्या साच्यात बसणारा नाही, आणि त्या साच्याची वाट पाहत राहिलो तर तो त्यांच्याबरोबरच जाईल. त्याला योग्य असे सत्र उपलब्ध करून देणे हे संयोजकांचे काम आहे; आणि त्या सत्रात आपली वही घेऊन मागच्या बाकावर नव्हे, तर मेजाशी बसणे हे विद्यार्थ्यांचे.